रूममध्ये स्वयंपाक करू नये

अशी पाटी होती दाराच्या आतल्या बाजूला.
विश्वंभरनं तिच्यावरच टॉवेल वाळत घातला.
नौपाड्यातलं लॉज, दुसरा मजला, दोनशे चार.
खिडकीतून दिसायची शेजारच्या इमारतीची टाकी
आणि टाकीचं भाडं भरत असल्यासारखे बसलेले कावळे.

उदगीरहून निघतानाच ठरलं होतं,
राहायचं ठाण्यात, फिरायचं चार दिवस,
पण जेवणावर पैसे उडवायचे नाहीत.
एका ताटाचे अडीचशे, गुणिले चार, गुणिले दोन वेळा...
तो बोटांच्या पेरांवर मोजत गेला
आणि मी डबे भरत गेले.
दुधातल्या दशम्या. शेंगदाण्याची चटणी. मेतकूट.
फोडणीसकट भाजलेला रवा.
आणि चपलांच्या पिशवीत, जुन्या परकरात गुंडाळून,
जाऊबाईंची विजेची किटली.

तलावपाळीला बोटीत बसलो. ते पैसे दिले.
काठावर कणसं, शेवपुरी, रंगीत बर्फाचे गोळे.
मैथिलीनं मागून पाहिलं.
कैवल्यनं काहीच मागितलं नाही.
नऊ वर्षांचं पोर मागत नाही
तेव्हा आईला जास्त ऐकू येतं.
मी पिशवीतून केळी काढली,
जांभळी नाक्यावरची, डझनाला पन्नास,
दिवेलागणीनंतर गेलं तर चाळीस.

रात्री दार लावायचं, कडी घालायची,
पंखा पाचवर. वास जिरायला हवा.
रव्यावर उकळतं पाणी ओतून ताट झाकायचं
आणि चौघांनी त्या ताटाभोवती
गुन्हा शिजेपर्यंत गप्प बसायचं.

तिसऱ्या रात्री पाण्याला आधण आलं,
आणि खट्.

पंखा थांबला. गल्लीतले दिवे चालू, आमचाच मजला काळा.
आम्ही दोघांनी किटलीकडे पाहिलं,
शाळेतून चिठ्ठी घेऊन आलेल्या पोराकडे पाहावं तसं.

दार उघडलं. बोळात मोबाइलचे उजेड.
दोनशे एकमधले नंदुरबारचे,
हातात शिट्टी न झालेला बारका कुकर.
दोनशे सहामधले चंद्रपूरचे निवृत्त ग्रामसेवक,
त्यांच्या हातातली पाणी तापवायची कांडी अजून ठिबकत होती.
दोनशे तीनमधलं नवं जोडपं,
तिच्या हातात हिरवा चुडा आणि पातेल्यात सहा अंडी.
कोणी कोणाला काही विचारलं नाही.
मग चुडा आधी वाजला. ती हसत होती.

भोईर मॅनेजर टॉर्च घेऊन वर आले.
"किटली कोणाची?"
ग्रामसेवकांनी कांडी पाठीमागे नेली.
कुकरच्या झाकणावर नजरा खिळल्या.
"सगळ्यांची," कैवल्य म्हणाला.

सहाशे दंड. चार खोल्या, दीडशे एकेकाचे.
विश्वंभरची बोटं अंधारातही पेरांवर फिरली :
"चार ताटांचे हजार.
तरी साडेआठशे वाचले."

वायरमन यायला तास लागला.
भोईर जिन्यात बसले, स्वतःचा डबा उघडला,
तांदळाची भाकरी, सुक्या बोंबलाची चटणी,
आणि काही न बोलता डबा एक पायरी खाली सरकवला.
मी दशम्या काढल्या. नंदुरबारच्या मावशींनी ठेचा काढला,
तो इतका झणझणीत
की दिवे आले तेव्हा सगळ्यांचेच डोळे भरलेले होते
आणि कारण सांगायची कोणाला गरज पडली नाही.
कुकरातला भात मात्र शेवटपर्यंत कच्चाच राहिला.

परतीच्या गाडीत विश्वंभरची वही पाहिली.
'जेवण'च्या खाली दंड नव्हता.
तो सापडला 'प्रेक्षणीय स्थळे'मध्ये,
बोटीच्या तिकिटाखाली : रु. १५०.
आणि त्याखाली, बारीक अक्षरात, कणीस, दोन नग,
ते त्यानं पोरांना कधी नेऊन दिलं, मला माहीत नाही.

किटली लिंबानं तीनदा घासून परत दिली.
जाऊबाई अंड्याचं नावही घेत नाहीत,
आणि त्या जोडप्याची किटली जळाली होती.
हे मी अजून त्यांना सांगितलेलं नाही.