आगळाचे डाग

मिरकरवाड्यात, बर्फाच्या कारखान्याच्या माळ्यावर,
मंगळवारी आणि शुक्रवारी, लिलाव आटोपला की
होडेकर सर लाकडी सुरी
कोकमाच्या आगळात बुडवतात.
आम्ही पांढऱ्या सदऱ्यांत, रांगेत.

पहिल्या दिवशी माझ्यावर एकोणीस डाग.
सहा मनगटांवर, तीन मानेशी,
बाकीचे पोटावर, जिथे मी पदर खोचते.
सर मोजतात सुट्टे पैसे परत करावे तसे,
एकही न विसरता.

पात्याकडे बघू नका, खांद्याकडे बघा.
हे मला कुणी शिकवायला नको होतं.
वीस वर्षं सुरमई कापतेय मी,
तुकडा किती जाडीचा
ते हाताच्या आधी खांदा ठरवतो.

बाहेरच्या अंगाला सरका.
शिरांची बाजू आपल्याकडे,
कापून घ्यायचंच तर हाडाची द्या.
मनगट दोन्ही हातांनी धरा,
धरलंत की सोडायचं नाही, ओला दोर धरल्यासारखं.
सरांच्या कोपरापासून खाली एक पांढरी रेघ आहे,
टाक्यांचे पाय फुटलेली, गोमेसारखी.
कुणी केली? एकदाच म्हणाले:
भावाने. जाळ्याच्या वाट्यावरून.

दिवाळीपर्यंत माझे चार डाग उरले.
मी खूश.
सर म्हणाले, चारात माणूस चारदा मरतो, भाटकरबाई.

मग परवा पहाटे, जेट्टीमागे, डिझेलच्या पिंपांजवळ
एक खलाशी. रात्रीची उतरली नव्हती.
हातात जाळं कापायची सुरी,
डोळा माझ्या कमरेच्या पिशवीवर.
मी खांदा बघितला. खांदा ठरवत होता.
आणि मला काही म्हणता काही आठवेना,
ना हाड, ना मनगट, ना बाहेरचं अंग.
डोक्यावरची पाटी, बर्फासकट, बांगड्यांसकट
त्याच्या तोंडावर ओतली
आणि पळाले. चपला तिथेच.
चहाच्या टपरीचा दिवा येईपर्यंत पळाले.

शुक्रवारी हे सांगताना मान वर होईना.
मागे कुणीतरी खुदकलं.
सर जवळ आले. मला पुढून बघितलं, मागून बघितलं.
डाग किती?
एकही नाही.
बांगडे किती गेले?
अर्धी पाटी.

मग बराच वेळ सुरी बरणीच्या तोंडाशी निथळत राहिली.
मला कुठे पळायचं होतं, ते म्हणाले,
ती होडी होती.

त्या संध्याकाळी बरणीचं झाकण पुन्हा उघडलं नाही.
सरांनी दार सताड उघडलं
आणि आम्हा सगळ्यांना जिन्यावरून खाली,
रस्त्यापर्यंत, पळायला लावलं.
पंधरा वेळा. अनवाणी.
खुदकलेल्या पोरीला सोळा.