फेरफार

राजापूरच्या कचेरीत कारकुनाने गठ्ठा सोडला
तेव्हा एक कसर निवांत चालत गेली
माझ्या खापरपणजोबांवरून.

मोडी वाचायला पाध्ये मास्तर होते सोबत,
पानाला शंभर रुपये, चहा वेगळा.
बोट फिरवत म्हणत गेले:
धाकू. धाकूचा रावजी. रावजीचा तुमचा आजा.
इथवर पाठच होतं,
महाळाला पिंड ठेवताना म्हणतो तसं.
मग बोट थांबलं.
"ही आवडी कोण?"

आवडी धाकू करंगुटकर. सन एकतीस.
सात माड, विहिरीत हिस्सा.
मयत. वारस नाही.
खाली साक्ष: भाऊ रावजी, निशाणी डावा अंगठा.
इतका दाबलेला, की
मागच्या पानावर पुन्हा उमटला होता.

आत्या कोळंबी सोलत होती.
"आवडी? ती मेली नव्हती रे.
तरीत बसून पलीकडे गेली होती."
आणि सालांचं टोपलं घेऊन
कावळ्यांकडे निघून गेली.

म्हणून मुसाकाजीचा धक्का.
तीन दुपारी गेल्या विचारण्यात.
चौथ्या दिवशी जाळं सांधणारा एक म्हातारा
मान वर न करता बोलला, "ती माझी आय."
त्याचा कान वरून मुडपलेला,
बाबांचा होता तसाच,
टोपीत कधीच नीट न मावणारा.

त्याने माझं नाव विचारलं नाही.
भरतीला इथं उभी ऱ्हायची, म्हणाला,
पलीकडचे माड मोजायची.
सात झाले की घरी जाऊन चूल पेटवायची.
पुढं डोळे गेले तिचे.
मग मी मोजायचो आणि सांगायचो, सात.
धुकं असलं, काही दिसत नसलं
तरी सात.

सुई दातांत धरून मग विचारलं,
"हायत काय रं ते अजून?"

चार आहेत.
अजून धरतात. गेल्या चैत्रात
मीच पाडेली लावून नारळ उतरवले, विकले.
सातबारा खिशात होता, घडी घातलेला.
"वादळात गेले सगळे," मी म्हटलं.

तो बराच वेळ पलीकडे बघत राहिला.
"मग ते हलतंय काय तिकडं," म्हणाला,
मला नाही, जाळ्याला.

तरी सुटत होती.
फळीवरून चढताना तोल गेला,
दोरी धरायला हात पुढे केला, तेव्हा कळलं
डावा अंगठा मी केव्हाचा
मुठीत दाबून धरला होता.