शिल्लक एक

दोहाच्या सनाइयात, आमच्या कॅम्पच्या स्टोअरमध्ये
रॅक सी, खालून दुसरा खण :
वेल्डरचे हातमोजे चाळीस जोड,
पिवळी हेल्मेटं अठरा,
आणि मधे, जुन्या चादरीत गुंडाळलेली, ती.
तिला कोड नाही.

खिमलाल गंधर्व, शटरिंग कारपेंटर,
लमजुंगच्या वरच्या अंगाचा.
फुटक्या पॅलेटची एक जाड फळी नेऊ का, म्हणाला.
मी म्हटलं, ने. कशाला हवी?
हसला नुसता.

तिकडे खिर्रोचं लाकूड लागतं, एकसंध.
इथे पाइन. पाइनला ऐकू कमी येतं, म्हणायचा,
तरी सोळा शुक्रवार कोरत बसला
दुमजली खाटेच्या खालच्या मजल्यावर
भुसा डब्यात साठवत.
कातडं बकरी ईदला मिळालं, मेसच्या स्वयंपाक्याकडून.
मीठ चोळून गच्चीवर ताणलं तीन दिवस;
त्या उन्हाने पहिल्यांदाच कुणाचं तरी भलं केलं.
दोन तारा बॅडमिंटनच्या रॅकेटच्या,
दोन सायकलच्या ब्रेकमधून उसवलेल्या.
गजासाठी घोड्याचे केस हवेत म्हटल्यावर खोली हसली.
तबेल्यात नोकरीला असलेल्या एका गाववाल्याने
ते पाकिटातून आणून दिले, पगारासारखे मोजून.

पहिला सूर खोकल्यासारखा आला.
पोरं मोबाइलवरून मान न उचलता म्हणाली,
दाइ, याचं अ‍ॅप मिळतं.
मादलसुद्धा आहे त्यात,
बोट ठेवलं की वाजतो, कातडं नको, शाई नको.
त्याने तो मादल ऐकून घेतला शेवटपर्यंत.
बरा आहे, म्हणाला. पण दमत नाही हा.

आमच्याकडे, परभणीच्या बाजूला,
किंगरी घेऊन येणारा एक माणूस होता.
वस्तीच्या कडेला उभा राहून माझ्या पणज्याचं नाव सांगायचा,
जे आम्हालाच ठाऊक नव्हतं.
कधी यायचा थांबला, कुणी विचारलं नाही.
मीही नाही.

खिमलालचा बाप बातम्या गायचा.
डोंगरापलीकडच्या लग्नाची, पुराची,
पलटणीत गेलेल्या पोराची;
बातमीला पसाभर तांदूळ.
तर हाही शुक्रवारी गायला लागला :
ओव्हरटाइम कुणाचा कापला,
कुणाची मुलगी नर्सिंगला लागली,
मेसच्या डाळीत डाळ किती.
हळूहळू माना वर आल्या.
रंगाची रिकामी बादली उलटी झाली, तिचा मादल झाला.
तो दमायचा.

मग जुलैत पदमबहादुर गेला.
नोटीस बोर्डावर कारण : नैसर्गिक.
खिमलालने गायलं
की दहा वाजता त्याने पाणी मागितलं
आणि अकराला सावली,
आणि दोन्ही वेळा कोण काय म्हणालं,
नावानिशी.
चार ओळी फक्त.
शनिवारी त्या तेविसाव्या रस्त्यावरच्या कॅम्पात होत्या,
रविवारी चाळिसाव्या.

सोमवारी कॅम्प बॉसने मला सांगितलं
आणि मी गेलो.
चाव्या माझ्याकडेच असतात.
तो भांडला नाही. आधी गज सैल केला,
मग म्हणाला, तारा उतरवून ठेव, ताणलेल्या राहिल्या तर मान वाकते.
मग म्हणाला, पावती दे.
मी लिहिलं : लाकडी वस्तू, एक.
त्याने कागद परत केला.
सारंगी लिही.
खोडलं, लिहिलं, सही केली, शिक्का मारला.
गुरुवारी त्याला विमानात बसवलं.

तीन तारा मी उतरवल्या.
चौथीची खुंटी फिरली नाही.
ऑगस्टात हवा ओली होते, कातडं ढिलं पडतं,
आणि रात्री एसीचा कॉम्प्रेसर सुरू झाला
की ती ब्रेकची तार
आपणहून काहीतरी बोलते.
पलीकडे पोरांनी नवा स्पीकर आणलाय, दणदणीत.
भिंतीतून तोच ऐकू येतो बहुतेक वेळा.

ऑडिटवाला दरसाल विचारतो, हे काय? काढून टाका.
मी मान डोलावतो
आणि नव्या रजिस्टरच्या पहिल्या पानावर ओढून घेतो :
सारंगी. शिल्लक एक.

पावती त्याच्याकडे आहे.