खळ

पाकिटावर लिहिलंय : भरपूर पाण्यात उकळा.
लिहिणाऱ्याच्या घरी
नळ पाचव्या दिवशी येत नसावा.
मी दोन तांबे ओतले, अर्धा काढून घेतला,
पुन्हा ओतला.

भूदेवी दारात. मांडीवर सूप, सुपात पानं,
उद्याच्या हजारातल्या चारशे विड्या वळायच्यात अजून.
तिथूनच विचारते, आत काय सांडलं?
काही नाही, म्हणालो.

गोष्ट वैशाखातली.
मेरगूंच्या लग्नात, एका कोपऱ्यात
उंच टोपीतला पोरगा पांढरं काहीतरी हलवत होता,
ढोबळी मिरची उडवून झेलत होता.
भूदेवी रांगेत उभी राहिली.
अठ्ठावीस वर्षांत मी तिला
रेशन आणि पीएफ सोडून
कशाच्या रांगेत पाहिली नव्हती.
तिचा नंबर आला आणि तो म्हणाला,
संपलं, मावशी.
ती वळली. जिलेबी घेतली.
रिक्षात घरापर्यंत
नवरीच्या साडीच्या काठाबद्दल बोलत राहिली.

ती रिकामी प्लेट
सहा महिने मीच धरून होतो.

तर आज लक्ष्मी मंडईतून गाजर, वाटाणा,
मुठीएवढा फ्लॉवर, एक ढोबळी.
चीजचे दोन चौकोन दुकानदाराने सुटे दिले,
कोणाचा वाढदिवस, काका? म्हणाला.
भाज्या बारीक चिरल्या. गाजराचे तुकडे
एकसारखे झाले नाहीत.

मग लोणी, मैदा, दूध.
मोबाईलमधली बाई म्हणाली,
सतत हलवत राहा, नाहीतर गुठळ्या होतील.
मी गॅसपुढे एकटाच हसलो.
बाई, गुठळ्यांचं मला सांगता?
एकवीस वर्षं सायझिंगला होतो.
खळीचा पिंप माझ्याकडे.
एक गुठळी राहिली की बीमवर सूत सुताला चिकटतं,
पुढे मागावर तार तुटते,
आणि विणणारा तुमच्या आईपासून सुरुवात करतो.
बाईचं ऐकलं नाही.
आधी गार दुधात मैदा कालवला,
मग बारीक धार, मग हात थांबवायचा नाही,
दारात कोणी का येईना.
चिमटीत घेतली, बोटं उघडली,
मधे तार धरली.
झाली.

(सायझिंग पाडून तिथे आता लॉन केलंय.
मेरगूंचं लग्न तिथलंच.
तो टोपीवाला उभा होता ती जागा
साधारण बॉयलरची.)

भूदेवीने लिंबू लावून दोनदा हात धुतले,
तरी तंबाखूचा वास राहतोच.
ताटलीकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं नाही.
चमच्याने एक उचलला, तो निसटला,
मग सरळ बोटांनी.
तीन घास गप्प.
चौथ्याला उठली. मला वाटलं, फसलं सगळं.
फळीवरची शेंगाचटणीची बरणी घेऊन आली,
चिमूट, अजून चिमूट,
पांढऱ्यावर लाल.
आणि आमच्या घरच्या तेलुगूत, खाली बघत म्हणाली,
गंजी बागुंदी.
खळ बरी झालीय.

मी एक शब्द बोललो नव्हतो.
तिचा बाप हातमागाच्या काळातला,
अंगणात पहाटे ताण्याला कुंचल्याने खळ लावायचा,
हे मी विसरलो होतो.

पातेल्यातलं उकळलेलं पाणी मोरीत ओतायला गेलो
तर तिने मनगट धरलं.
मीठ घातलं होतं का यात?
नाही. विसरलो.
बरं केलंत.
आणि निळी सुती साडी बादलीत बुडवली,
पिळली, अंधारात दोरीवर झटकून टाकली,
मग दिव्याखाली बसून
उरलेल्या चारशे पुऱ्या केल्या.

सकाळी हजार विड्या पिशवीत घालून
ती कारखान्याला निघाली.
बोळाच्या टोकाला वळेपर्यंत
साडीचा आवाज येत होता
कडक, नव्या कागदासारखा.