मधले दिवस

तासगावात माझ्या हाताला नाव होतं,
इथे हाताला पगार आहे.
जबल अख्दरच्या उतारावर, जिथे उन्हाळ्यातही रात्री पांघरूण लागतं,
मी दुसऱ्यांच्या वेलींना डोळे भरतो.

ही वेल सापडली एका रानऑलिव्हच्या अंगावर,
खालून तिसऱ्या पायरीत,
जिकडे फलजचं पाणी एकोणीस वर्षं वळलं नव्हतं.
पाण्याची पाळी घरच्यांनी केव्हाच विकलेली.
वेल विकली नाही,
कारण कुणी मागितली नाही.

मी नखाने साल खरवडली.
आत हिरवं.
पेन्सिलीएवढ्या सात काड्या निघाल्या,
ओल्या गोणपाटात गुंडाळल्या,
आणि अज्जानला गाडीतला एसी बंद करायला लावला.
तो घामाघूम होऊन म्हणाला,
माझ्या लग्नातही इतका जपून चालवला नव्हता मी गाडा.

नाव विचारलं तर घरात तीन माणसं, तीन नावं.
काका म्हणाले, काळं.
थोरला भाऊ म्हणाला, आजोबांचं.
तिसऱ्याने सांगितलेलं नाव मला उच्चारता येत नाही.
आत्या राय्या नाव सांगत नाही.
ती म्हणते, आधी गोड,
मग जिभेच्या कडेला लोखंड चाटल्यासारखं.

तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू.
निझव्याच्या दवाखान्याची तारीख तिने तीनदा चुकवली:
एकदा गुलाब तोडायचे होते,
एकदा कुणी मेलं होतं,
एकदा नुसतंच.
मी काडी तिच्या हातात दिली.
अंगठ्याने एकेक पेर चाचपत गेली,
चौथ्यावर थांबली. हा, म्हणाली.
तोच फुगीर होता. मला दिसत होता,
तिला कसा कळला, विचारलं नाही.

वडील म्हणायचे, खुंट परका चालतो,
डोळा जातिवंत हवा.
फेब्रुवारीत, थंडी हाडांत असताना, पाचर कलम केलं.
सातातली दोन लागली.
पाच काळी पडली, ती उपटताना
अज्जान शेजारी उभा होता,
काही बोलला नाही, पण त्याच आठवड्यात
शेजाऱ्याकडून अर्ध्या तासाची पाळी परत विकत घेतली.
किती दिले, ते बायकोलाही सांगितलं नाही.

पहिल्या वर्षी पानं. दुसऱ्या वर्षी एक घड,
त्यातले अर्धे मणी बुलबुलांचे.
तिसऱ्या वर्षी, ऑगस्टात, अकरा किलो.

मी म्हणालो, आमच्याकडे बेदाणा करतात,
शेडमध्ये जाळीवर वाळवतात,
आठवड्याला रंग बघतात.
राय्याने मान हलवली.
कोठीतून एक मडकं काढायला लावलं,
कमरेएवढं, आतून राळ फासलेलं,
उपडं घातलं तर एक मेलेली पाल निघाली आणि
इतका जुना वास, की सगळे गप्प झाले.

मी विचारलं, याचं काय व्हायचं?
शिरका, राय्या म्हणाली.
तुझे आजोबा शिरका करायचे, ती अज्जानला म्हणाली,
जिल्ह्यात नावाजलेला.
एवढ्या मोठ्या मडक्यात?
कुटुंब मोठं होतं.

काका खोकले.
भाऊ छताकडे बघत राहिला.
मला एवढं ठाऊक आहे की
रसाचा शिरका एका रात्रीत होत नाही,
मध्ये काही दिवस असतात
जे कुठल्याच घराच्या हिशेबात लिहिलेले नसतात.

तिने मणी स्वतःच्या हाताने चुरडले.
एक तोंडात टाकला.
बराच वेळ काही नाही.
मग दुसरा.
मग मडक्यावर फडकं बांधलं, गाठ मारली,
आणि मला म्हणाली,
साठ दिवसांनी ये, शिरका बघायला.

आणि विसाव्या दिवशी?

विसाव्या दिवशी मी घरी नसते.

विसाव्या दिवशी मी खालच्या पायरीत होतो,
चाकूला धार लावत.
वरची खिडकी उघडी होती.
कुणी तरी हसत होतं, म्हाताऱ्या गळ्याने,
आणि अज्जान तिला गप्प करत होता,
आणि त्यालाही हसू आवरत नव्हतं.
मी धार पुन्हा लावली.
लागलेलीच होती.