नाला नंबर अकरा

सरळ मीच केला होता त्याला.
त्र्याऐंशी साली, लश्करातल्या इमलीवाल्या बागेत:
दोन खुंट्या, सुतळी, फक्कीची रेघ,
आणि पाच वळणं एका दुपारी कागदावरून उतरली.
साहेबांनी चहा पाजला. वर कचोरी.

फाइलीत तो नाला नंबर अकरा.
आई ओढा म्हणायची.
काँक्रीट वाळल्यावर तिनं एवढंच विचारलं होतं,
आवाज कुठं गेला रे त्याचा?
मी म्हणालो, आवाज म्हणजे वाया गेलेला उतार.
तसं पुस्तकात होतं.

आता कुशवाहांची शेफालिका दारात उभी,
गमबुटांना चिखल, बगलेत नकाशाची नळी.
तांबेकाका, फाइल वाळवीनं खाल्ली,
त्या कामावरचे तुम्हीच तेवढे उरलात.
पूर्वी कुठून वळायचा, दाखवाल?
ती हिंदीत विचारते. मी मराठीत खाली बघतो.

काठी घेतली, चष्मा घरीच राहिला.
बरं झालं. बघण्यासारखं काय होतं:
सिमेंटची पन्हळ, तिच्यात बोटभर काळं पाणी,
पुड्या, फेस, पाय मोडलेला प्लास्टिकचा घोडा.
पायांनीच शोधायचं होतं.

पहिलं सोपं. तिथं अर्जुन आहे,
पाण्यापासून वीस पावलं आत, हिरवळीत.
अर्जुन काठालाच उगवतो.
काठ मी हलवला, त्याला हलता आलं नाही.

दुसरं झोपाळ्यांखाली.
दर श्रावणात तिथला एकच खांब कलतो
आणि माळी हरकंठ ठेकेदाराच्या सात पिढ्या काढतो.
शिव्या माझ्या होत्या,
चाळीस वर्षं चुकीच्या पत्त्यावर जात होत्या.

चौथं कारंज्यापाशी. पाचवं भिंतीपलीकडे,
एका मॅरेज गार्डनच्या तंदूरखाली.
ते गेलं. लिहून घे पोरी, गेलं.

तिसरं आठवेना.
उभा राहिलो. किल्ल्याकडे बघितलं, जणू तो सांगणार.
पोरं फावडी टेकून थांबलेली,
शेफालिकेचं पेन्सिल धरलेलं बोट थांबलेलं.
मग काठी कुठंतरी टेकवली आणि म्हणालो,
इथून. डावीकडे.

तिनं लगेच फक्की टाकायला लावली.

सिमेंट फुटायला दोन महिने लागले.
माझ्या हाताखालचं काम, पक्कं होतं.
वरच्या अंगाला लव्हाळा लावला, गाळ उपसला,
आणि कार्तिकात एका सकाळी
थोपवलेलं पाणी सोडलं.

संध्याकाळी फोन आला. हसत होती.
काका, दोन वळणं त्यानं मान्य केली, चौथंही जवळजवळ.
तिसरं चुकलं तुमचं.
तो उजवीकडे गेला. रेघ ओलांडून, स्वतःहून,
बेंचाखालची माती खात.

दुसऱ्या दिवशी गेलो.
वास अजून आहे. कुणाचा तरी पाइप
अजून रात्री चोरून सुटतो,
आणि एका बाईनं माझ्यासमोर निर्माल्याची पिशवी
गाठ मारून फेकली.
पण तिसऱ्या वळणावर, जिथं मी खोटं बोललो होतो,
दगडाला अडून पाणी काहीतरी पुटपुटत होतं,
दात नसलेल्या माणसानं चूळ भरावी तसं.

हरकंठनं विचारलं, बाबूजी, हे परत सरळ करायचं का?

खिशात सुतळीचं बंडल होतं. सवय.
हात आत गेला,
आणि बराच वेळ आतच राहिला.