तीन आणि अकरा

रात्री पावणेदोनला सानपांचा ट्रेलर
आडगाव नाक्याच्या अलीकडे, गॅरेजसमोर येऊन थांबला.
थांबला म्हणायचं आपलं.
पिंपळगाव सोडल्यापासून तो वीसच्या वर चढलाच नव्हता.
मागे कंटेनर, कंटेनरात द्राक्षं,
पुढे कसारा घाट,
आणि न्हावाशेव्याच्या गेटवर सकाळची वेळ ठरलेली.

सानपांनी सीटखालून स्वतःचीच केबल काढली,
निळी, अजून प्लास्टिकच्या पिशवीत.
"सगळ्या गाड्यांना चालते, म्हणाला हो दुकानदार."
चोवीस व्होल्ट सोसते का, ते मी आधी पिशवीवर वाचलं.
गेल्या वर्षी बाराचा अ‍ॅडॉप्टर चोवीसला लावून
एक स्कॅनर जाळलाय मी,
कपाट उघडलं की अजून वास येतो.
ही सोसत होती.
लावली. टक्क करून बसली, अगदी मापात.
आणि मग काहीच नाही.
पडद्यावर नुसतं एक चक्र फिरत राहिलं
आणि सानप त्या चक्राकडे
गाभाऱ्याकडे बघावं तसे बघत राहिले.

माझ्या थैलीतल्या केबली मी बाकड्यावर ओतल्या.
गोल, सहा पिनांची: जुन्या डंपरांची, वर्षातून एकदा बाहेर येते.
गोल, नऊ पिनांची, काळी.
गोल, नऊ पिनांची, हिरवी.
हिरवी काळ्याच्या घरात नांदते,
काळी मात्र हिरव्याच्या उंबऱ्यावरच अडते.
आणि सोळा पिनांच्या चपट्या पाच,
एका आईच्या लेकी वाटाव्यात अशा,
पण आतल्या तारा एकीच्या दुसरीला ठाऊक नाहीत.

एवढ्या आवाजाने नव्हे, उजेडाने
गफूरचाचा खाटेवर उठून बसले.
चाळीस वर्षं इंजिनाला स्क्रूड्रायव्हर टेकवून
त्याची मूठ कानाला लावून ते दुखणं सांगायचे.
त्याच इंजिनांनी कान नेले.
आता ते बॉनेटवर तळहात ठेवतात, ताप बघितल्यासारखा.
त्यांनी मीटर पुढे केला.
लावण्याआधी विचार, पोरी. कडी वाजव.

चावी बंद.
सहा आणि चौदा: काही नाही.
जो तो इथेच हाका मारतो,
निळीही इथेच मारत होती,
आणि इथे कुणी राहतच नव्हतं.
चार ही जमीन, सोळा ही बॅटरी, ते सोडून
मी एकेक जोडी चाचपत गेले.
तीन आणि अकरा:
साठ ओहम.

तारेच्या दोन टोकांना एकशेवीसचे दोन पहारेकरी,
दोघेही जागे असले की मधे साठ भरतात.
सातपूरच्या आयटीआयमध्ये सरांनी हे फळ्यावर सोडवलं होतं,
मी गणित म्हणून उतरवून घेतलं होतं.
आडगावात रात्री सव्वादोनला
ते साठ बघून मला
लांबून कुणाच्या तरी खिडकीत दिवा दिसावा तसं झालं.

पाचांपैकी चौथी. राखाडी, मळकी,
तिच्यावर चिकटपट्टी, पट्टीवर माझंच अक्षर: ३-११, चोवीस.
चक्र थांबलं.
युरियाचा पंप, पडदा म्हणाला.
मी वाचून वर बघते तर चाचा केव्हाच
टाकीखाली आडवे झालेले,
आणि त्यांच्या बोटांवर
ओल्या कनेक्टरची हिरवी बुरशी.
त्यांना कुणी सांगितलं, विचारू नका.
मी विचारलं होतं. त्यांना ऐकू आलं नाही.

तीन वाजून दहाला सानप निघाले,
गिअर बदलताना ट्रेलर मोकळा खाकरला.
पैसे दिले, चहा राहू द्या म्हणाले,
निळी केबल बाकड्यावरच ठेवून गेले,
"असू द्या, कुणाला तरी चालेल."

मी तिला पट्टी लावली, बॉलपेनने लिहिलं:
बसते. बोलत नाही.
चाचांनी ती उजेडात धरून सावकाश वाचली,
खाटेकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं,
"माझ्यावर लिहिलंस काय गं?"
आणि इतक्या मोठ्याने हसले
की पलीकडच्या टायरवाल्याचा कुत्रा भुंकू लागला,
तो थांबेचना,
आणि चाचांना त्याचाही पत्ता नाही.